फेरुला, माझ्याच परसात

१३ जानेवारी

ही वही हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी दिली. रोजची गोळी घेतली की तारखेपुढे फुली मारायची म्हणे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला फुल्या मारायला लावतात. मी चौथीपर्यंत शिकलोय, मला लिहिता येतं. तेव्हा लिहीन, आणि मला हवं तेच लिहीन. फुल्या मारायला ओर्नेल्ला आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने मारते, मास्तरीण असल्यासारखी.

ओर्नेल्ला म्हणजे माझी सून. आम्ही बेटावरचे, ती समुद्रापलीकडची, तोरिनो शहरातली. माझा गोनारियो खाणीत दगडाखाली गेला त्याला अडीच वर्षं झाली. आम्हाला वाटलं, महिन्याची प्रार्थना उरकली की ही बोटीत बसून माहेरी जाईल. गेली नाही. माझी बहीण आन्तिओका म्हणते, हिचा घरावर डोळा आहे. मला तरी दुसरं कारण सुचत नाही.

डिसेंबरात माझं काळीज उधळलं. डॉक्टर म्हणाले, आत रक्ताची गुठळी होईल आणि डोक्यात जाऊन बसेल. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, रोज संध्याकाळी जेवणानंतर, मरेपर्यंत. एकही चुकवायची नाही. ओर्नेल्लाने मान डोलावली. आजारी मी, आणि सगळे बोलतात तिच्याशी.

१७ जानेवारी

काल संत अंतोनियोची होळी पेटली चौकात. गेलो होतो. तिथे सगळ्यांसमोर ओर्नेल्लाने पोरांना गोष्ट सांगितली, संताने नरकातून विस्तव कसा चोरून आणला, फेरुलाच्या काठीत लपवून. आमची गोष्ट आम्हालाच सांगते. आणि मग म्हणते, "आमच्या परसात फेरुला आहे, यंदा फुलेल." लोक माझ्याकडे बघायला लागले. बघणारच. माझ्या, या बाक्कीसच्या परसात फेरुला म्हणजे बुडालेल्या माणसाच्या घरात विहीर.

झालं असं की गोनारियो गेल्यावर मी वर्षभर मागच्या दाराने बाहेरच पडलो नाही. तेवढ्यात हिने भिंतीलगत बी पेरलं, जिथे माझा आर्टिचोकच्या भाजीचा वाफा होता तिथे. मी बघितलं तेव्हा गुडघ्याएवढी झाली होती. सात झाडं. बडीशेपेची थोरली बहीण दिसते ती, तसाच केसाळ हिरवा पाला. हिला वाटतं शोभेचं झाड आहे. पाणी नको, खत नको, पुरुषभर वाढतं, वर पिवळी छत्री. मासिकात फोटो आला होता म्हणे.

२ फेब्रुवारी

आज तिला सरळ विचारलं, बी कुठून आणलंस. ओढ्याच्या अलीकडून की पलीकडून. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अलीकडची फेरुला मेंढरं खातात आणि जगतात. पलीकडची खातात आणि मरतात. पानं तीच, वास तोच, डोळ्याने ओळखता येत नाही. जागा ठाऊक असावी लागते.

म्हणाली, कबरस्तानाच्या भिंतीमागून आणलं. ती जागा ना अलीकडे ना पलीकडे. तिथे कधी कुणी मेंढरं चारली नाहीत. म्हणजे कुणालाच काही सांगता येणार नाही. शाब्बास.

उपटून टाक म्हटलं. नाही म्हणाली. नुसतं नाही. वर काय म्हणते, "गोनारियो सांगायचा, लहानपणी तुम्ही त्याला फेरुलाच्या दांड्याचा घोडा करून दिला होता." मी म्हटलं, आठवत नाही.

३ फेब्रुवारी

आठवतं. लाल दोरीचा लगाम होता. अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात पाऊस नाही, गवताची काडी नाही, आणि मी मेंढरं ओढा ओलांडून नेली. बापाने सांगितलं होतं नेऊ नको म्हणून. मला वाटलं दोन दिवसांनी काय होतंय. नऊ दिवसांत एक्केचाळीस मेंढ्या गेल्या. नाकातून रक्त, लघवीतून रक्त, चालता चालता गुडघ्यावर बसायच्या. मग डोंगरावर दिसेल ती फेरुला मी जाळली. पोराचा घोडाही जाळला. नऊ वर्षांचा होता, रडला नाही, नुसता बघत राहिला. हे मी तिला कशाला सांगू?

२४ फेब्रुवारी

पाऊस नाही, तर पाणी नको म्हणणारी ही बाई आता रोज झारीने फेरुलाला पाणी घालते. पानं पिवळी पडायला लागलीत. मुळाशी पाणी साचलं की फेरुला कुजते. मी खिडकीतून बघतो आणि गप्प बसतो. कुजू दे. आठवड्यात सातही आडव्या होतील.

२७ फेब्रुवारी

झारी तिच्या हातून काढून घेतली. म्हटलं, हे डोंगराचं झाड आहे, तुझ्या तोरिनोच्या गॅलरीतलं नाही. पाणी फुकट घालवलेलं मला बघवत नाही, म्हणून बोललो. थँक्यू म्हणाली. तिचं थँक्यू डोक्यात जातं.

९ मार्च

दंडावर निळा डाग आला आहे, वांग्याएवढा. कशावर आपटल्याचं आठवत नाही. मांडीवर दुसरा. सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त.

मी हे पाहिलेलं आहे.

१० मार्च

दुपारी हरभऱ्याचं सूप. त्यात हिरवे केसाळ धागे. चमच्यावर घेऊन बघितले. विचारलं हे काय. म्हणाली, रानबडीशेप, आन्तिओकाआत्यांनी शिकवलं. मी म्हटलं, कुठून खुडलीस. म्हणाली, परसातून. परसात कुठून? तिथे भिंतीलगत सात झाडं आहेत आणि सातही बडीशेपेच्या थोरल्या बहिणी आहेत.

सूप तसंच ठेवून उठलो. तिने ताट झाकलं आणि मला अंडी तळून दिली. काय चाललंय तिच्या मनात कळत नाही. सकाळी नाकातून रक्त आलं, थोडंच. तिने लगेच डॉक्टरांना फोन केला, गोळीचा डोस कमी करून घेतला. सुटकेस भरल्यासारखी सगळी तयारी चोख आहे हिची.

१२ मार्च

एक मेंढी ठेवली आहे मी, मुरित्ता. बाकीची विकली तेव्हा ही विकवली नाही. आजपासून रोज दोन मुठी फेरुलाचा पाला तिला घालणार आहे, परसातला. मेली तर झाड विषारी, आणि सून काय करते ते सगळ्या गावाला दाखवीन. हातात पाला घेऊन गेलो तर मुरित्ता नेहमीसारखी डोकं घासायला लागली. टाकला आणि दार लावून आलो.

२३ मार्च

अकरा दिवस झाले. मुरित्ता ठणठणीत. दूधही वाढलं. नाकपुड्या उलट्या करून पाहिल्या, लालीसुद्धा नाही. म्हणजे ही फेरुला अलीकडची. गोड जातीची.

मला आनंद व्हायला हवा होता. दिवसभर चिडचिड झाली. ओर्नेल्लावर भांडी नीट न लावल्याबद्दल ओरडलो, भांडी मीच लावली होती.

११ एप्रिल

दांडे फुटले. आठ दिवसांपूर्वी कमरेएवढे उंच होते, आता माझ्या डोक्याच्या वर. मनगटाएवढे जाड. ओर्नेल्ला शिवणाची टेप घेऊन मोजते आणि दारावर खडूने लिहून ठेवते. गोनारियो बापाला म्हणायचा तसं मला म्हणते, बाब्बू, जरा ते टोक धरा. धरलं. आम्हाला बघायला रस्त्यावरून कुणी जात नव्हतं.

१९ एप्रिल

आज लिकेरी आला होता, गुरांचा डॉक्टर, मुरित्ताच्या कानातला बिल्ला बदलायला. पोरगेलाच आहे, पण शिकलेला. परसात बघून हसला. म्हणाला, काका, तुमच्याकडे फेरुला? मग बोलता बोलता माझ्या दंडावरचा जुना डाग दिसला. कोणती गोळी घेता विचारलं. नाव सांगितलं.

तर म्हणतो, "ही गोळी, उंदरांचं औषध आणि फेरुलाचं विष, एकाच घराण्यातली पोरं आहेत ती." पुढे मात्रेबद्दल काहीतरी बराच वेळ सांगत होता. मी ऐकलं नाही. मला एक्केचाळीस मेंढ्या दिसत होत्या.

२० एप्रिल

म्हणजे झाड नव्हतंच. झाड उगीच बदनाम केलं मी. विष डबीत आहे, ताटाशेजारी, आणि रोज संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने माझ्या तळहातावर ठेवते. पाण्याचा ग्लास धरून समोर उभी राहते, गिळेपर्यंत. चार महिने!

२६ एप्रिल

काल सणाच्या सुट्टीचा दिवस, कॅफेत सगळे जमले होते. दोन ग्लास पोटात गेल्यावर बोलून टाकलं. म्हटलं, माझी सून मला मेंढीसारखं मारतेय. कुणी हसलं नाही. आन्तिओका तिथेच बाहेर बाकावर बसलेली. तिच्या कानावर गेलं म्हणजे रात्र व्हायच्या आत चर्चच्या घंटेलाही कळलं.

२८ एप्रिल

ओर्नेल्ला बेकरीतून रिकाम्या हाताने आली. बेकरीवालीने तिला पाव दिला नाही असं नाही, दिला, पण सगळ्यांनी बोलणं थांबवलं म्हणून ती तो काउंटरवरच ठेवून आली. टेबलापाशी माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही.

"बाब्बू, तुम्हाला मारायचं असतं तर मला काही करावं लागलं नसतं. नुसतं निघून गेले असते तरी पुरे होतं."

मी म्हटलं, मग जा की.

"गोळी घ्या आधी," म्हणाली, आणि ग्लास पुढे केला. घेतली. तिच्या समोर न घेऊन कुठे जाणार होतो. पण तिच्या त्या बोलण्यात धमकी होती की नव्हती, याचा अजून उलगडा झालेला नाही.

५ मे

युक्ती सापडली. गोळी जिभेखाली, पाणी वरून, तोंड उघडून आ करून दाखवायचं. मग उठायचं, म्हणायचं जरा फेरुला बघून येतो, आणि शेवटच्या झाडाच्या बुडात थुंकायची. टाचेने माती लोटायची. आज पहिली.

आत आलो तर तिने विचारलं कशी आहेत. मी म्हटलं, फुलतायत. तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना.

१३ मे

नऊ गोळ्या गाडल्या. डाग गेले. नवा एकही नाही. हिरड्या साफ. चाळिशीतल्यासारखं वाटतं. आता सिद्ध करायला आणखी काय हवं? मारेकऱ्याच्या हाताखाली बसून मी बरा झालो.

फेरुला पूर्ण फुलली. भिंतीच्या वर तीन हात. पिवळ्या छत्र्यांवर माश्यांचा असा गुंजारव की संध्याकाळी घरात ऐकू येतो. थुंकायला एक क्षण लागतो. मी पाऊण तास उभा होतो.

ओर्नेल्ला फोनवर तिच्या आईला सांगत होती, बाब्बू रोज जेवणानंतर झाडं बघायला जातात, मी उगीच घाबरत होते. दार उघडं होतं.

२० मे

रक्त तपासायला नर्स यायची होती. मी पहाटेच आन्तिओकाकडे जाऊन बसलो, दुपारी परतलो. ओर्नेल्लाने पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. आन्तिओकाने विचारलं, अजून आहे का ती? सांगितलं, आहे. म्हणाली, चिवट आहे. मी म्हटलं, फेरुलासारखी. का म्हटलं कुणास ठाऊक, ती हसली, मला हसू आलं नाही.

२४ मे

सकाळी कॉफीचा कप हातातून सुटला. उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत होता, आणि "कप" म्हणायला गेलो तर भलतंच काही निघालं. अर्ध्या तासात सगळं ठीक. हातावर झोपलो असणार. ओर्नेल्ला गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिला दिसलं नाही. तुकडे मी गोळा केले. सांगितलं मांजराने पाडला. आमच्याकडे मांजर नाही, तिने विचारलं नाही.

२६ मे

बावीस. आज अक्षर तिरकं येतंय. पेन खराब आहे. तिला नवं आणायला सांगतो

८ जून

अक्षर ओर्नेल्लाचं आहे. सांगणारा मी, हॉस्पिटलातून. माझा उजवा हात ठेवला तिथे पडून असतो, आणि जीभ जाड झाली आहे, एकेक वाक्य दोनदा सांगावं लागतं. मला लिहायचं आहे असं खुणेने दाखवलं तेव्हा ती घरून ही वही घेऊन आली, माझ्या गादीखालून काढून. मी सांगितलं, मागची पानं उलटायची नाहीत. म्हणाली, बरं. उलटलेली नाहीत. मला इथून दिसतं.

सत्तावीस तारखेला सकाळी मी पलंगाच्या खाली पडलेलो तिला सापडलो. एवढं मला तिनेच सांगितलं. पुढचं मी कानाने ऐकलं आहे. लोकांना वाटतं, बोलता न येणाऱ्याला ऐकूही येत नाही.

इथला डॉक्टर म्हणाला, रक्तात गोळीचा अंशही नाही. तिने सांगितलं, मी रोज हातावर दिली आहे. घरी जाऊन कॅलेंडर घेऊन आली, लाल फुल्यांचं. डॉक्टर म्हणाला, फुल्या कुणीही मारतं. मग आन्तिओका आली, व्हरांड्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, माझ्या भावाने सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. डॉक्टरने तिचं नाव लिहून घेतलं. त्यानंतर तो ओर्नेल्लाशी बोलतच नाही, जे काय ते आन्तिओकाला सांगतो. काल म्हणाला, असं प्रकरण पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे, उद्या कळवतो.

उद्या म्हणजे आज.

पहिले चार दिवस मला बोलताच येत नव्हतं. पाचव्या दिवसापासून येत होतं. बोललो नाही. ती रोज येते, माझं तोंड पुसते, डाव्या हाताची नखं कापते, आणि व्हरांड्यातून जाताना बायका अंग चोरून तिच्यापासून बाजूला होतात ते मी उघड्या दारातून बघतो. तरी बोललो नाही. आठ दिवस.

इथे तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही.

गोळ्या मी थुंकल्या. रोज संध्याकाळी, फेरुला बघायला जातो म्हणून. शेवटच्या झाडाच्या बुडात, भिंतीकडच्या बाजूला. उकरलं तर अजून सापडतील. हिने एकही चुकवली नाही.

तिने विचारलं, किती. बावीस. तिने बावीस लिहिलं. पाणी हवंय का विचारलं तिने, मी नको म्हटलं.

मग म्हणाली, "का, बाब्बू?"

मी म्हटलं, ते मागे लिहिलेलं आहे.

ती म्हणते, हे एवढं पान फाडून डॉक्टरांना दाखवते, पुरे होईल. बाकीचं तुमचं तुमच्यापाशी राहू द्या.

मी म्हटलं, पान फाडू नकोस. अख्खी वही ने. पण आधी तू वाच, मग त्यांना दे.

ती विचारते, सगळी?

सगळी. पहिल्या पानापासून.